सरांची लाल पेन्सिल

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच खुर्चीत बसून नववीचा निकाल लावत होते. हातात त्यांचीच लाल पेन्सिल. दोन नावांपुढे टिंब देऊन झालं होतं, तिसऱ्यावर हात होता... फोन ठेवून पाहिलं तर तेही टिंब उमटलेलं. कधी दिलं, आठवेना. पाच-सहा आठवडे झाले, पण ते डोळ्यांपुढून हलत नाही.

सर गोव्यातल्या पाळी गावात आमच्या शाळेत हेडमास्तर म्हणून आले तेव्हा दहावीत निम्मी पोरं गळायची. समोरून खनिजाचे ट्रक जायचे, पोरांचा जीव त्या ट्रकांत. सर पहाटे उठून घरोघर कड्या वाजवत फिरायचे. "उठलास रे? दिवा लाव आधी!" एकच गणित पाच-पाच वेळा समजावायचे आणि सहाव्यांदा विचारलं तर चिडायचे नाहीत. अशी तीन-चार वर्षं गेली आणि एका जूनमध्ये सगळी पोरं पास! ऑफिसातल्या फळ्यावर सरांनी स्वतः लिहिलं, 'सर्व उत्तीर्ण'. गावाने पेढे वाटले. मी तर रडलेच.

तिथेच आम्ही अडकलो. ती ओळ पुसायची कुणाची छाती होईना, सरांचीही नाही. कच्च्या पोरांना नववीतच अडवायचं, म्हणजे दहावीचा फळा शाबूत राहतो, अशी रीत पडली. ज्याला अडवायचं त्याच्या नावापुढे सर हजेरीपटात लाल टिंब द्यायचे आणि मी, नववीची वर्गशिक्षिका, त्या बेताने गुण बसवायचे. हो, मीच बसवायचे. पहाटेच्या कड्या आपोआप थांबल्या. ज्यांच्यासाठी वाजवायच्या, ती पोरं दहावीत पोचतच नव्हती.

माझ्या वर्गातल्या संध्याचा बाप सावंतवाडीकडचा, ट्रकवर ड्रायव्हर. टिंबामुळे लेक नववीत नापास झाली त्या दिवशी तो दुपारभर ऑफिसाबाहेरच्या बाकावर बसून होता. "बाई, चेडवाक दहावीक बसाक गावात मां?" मी म्हटलं, "दहावीला बसू द्यायचं की नाही, ते सरांना विचारा." दार उघडं होतं, सरांना सगळं ऐकू जात होतं. त्यांनी मान वर केली नाही. मीही आत जाऊन एक शब्द बोलले नाही. कसली माणसं आम्ही! संध्या परत नववीत बसायला आलीच नाही.

पुढे सर आजारी पडले, खुर्ची माझ्याकडे आली; त्यांना शेवटचं भेटले ते फोंड्याला, त्यांच्या मुलाच्या घरी. अंथरुणाला खिळले होते. मला वाटलं, निकालाचं विचारतील. पण म्हणाले, "संध्या काय करते गो?"

"काजूच्या फॅक्टरीत जाते, सर."

"इंग्रजी कच्चं तिचं. गणित मात्र..." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्या फळ्याला भ्यालो गो मी." मी त्यांचा हात धरून बसले. मीही भ्याले होते, हे सांगायचं राहूनच गेलं.

निकाल लागला. त्याआधी तिन्ही टिंबं मी खोडली होती. पोरं आता दहावीत आहेत, तिघंही कच्ची. पुढच्या जूनमध्ये फळ्यावर काय लिहावं लागेल, कोण जाणे. मॅनेजमेंटचे लोक आत्ताच विचारू लागलेत, "बाई, यंदा कसं?" मी कसनुसं हसते. पेन्सिल अजून ड्रॉवरमध्येच आहे. सरांची म्हणून टाकवत नाही, आणि समोर दिसली की हात जातो. म्हणून आज ड्रॉवरला कुलूप लावलं. किल्ली कुठे ठेवायची, तेवढं मात्र सुचलेलं नाही... ती अजून माझ्या मुठीत आहे.