शेवटचं धड कधी बोलले

सासऱ्यांच्या अंगावरून वारं गेलं त्या दिवशी मला आठवड्याची सुट्टी होती. मी मानकोलीच्या एका गोदामात पॅकिंगला आहे. नवरा काल्हेरला गोदामातच कामाला, तो पहिल्या शिफ्टला निघून गेला होता. वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात, घरी सासू-सासरे आणि मी, असे तिघंच होतो.

सासरे सत्तरी ओलांडलेले. जन्मभर भात लावला. गावात बांधावरून भांडण झालं की लोक त्यांना बोलवायचे. न्याय चांगला करायचे म्हणून नव्हे, त्यांचा आवाज असा की त्यांच्यापुढे दुसऱ्याला तोंडच उघडता येत नसे.

मी मागे कपडे वाळत घालत होते. ओटीवर काहीतरी आदळलं. जाऊन बघते तर चहाचा पेला खाली पडलेला, आणि सासरे भिंतीला टेकून त्या सांडलेल्या चहाकडे बघत बसलेले. तोंड उजवीकडे ओघळलं होतं.

"बाबा, काय होतंय?"

ते बोलले. आवाज नेहमीचाच मोठा, पण त्यात एकही शब्द नव्हता.

गोदामात आम्हाला एकदा प्रथमोपचार शिकवायला माणसं आली होती, तेवढं डोक्यात राहिलं होतं. मी म्हटलं, "दोन्ही हात वर करा बघू." डावा वर आला. उजवा मांडीवरच राहिला.

तोवर सासूबाई साखरपाणी घेऊन आल्या. "उन्हात फिरले काल. चक्कर आलीय. थोडा पानी घेतला की बरा वाटंल."

"आई, तोंडात काही घालू नका. घशात अडकेल."

त्यांनी ऐकलं नाही. पेला ओठांना लावला आणि पाणी सगळं गळ्यावरून बनियनवर उतरलं. ते बघून त्यांचा हात थांबला. मी सासऱ्यांना कुशीवर वळवलं आणि अँब्युलन्सला फोन केला. गाडी मिळेल, पण ती शहरात आहे आणि पुढे ट्रक अडकलेत, असं उत्तर मिळालं.

घराशेजारी बांधलेल्या आमच्या चाळीत भाड्याने राहणारा टेम्पोवाला कापडाचे तागे घेऊन निघत होता. ओटीवर येऊन त्याने एकदाच बघितलं. "भाभी, एम्बुलन्स का रास्ता मत देखो. टेम्पो में लिटाते हैं." त्याने अर्धे तागे आमच्या अंगणात उतरवले, उरलेल्यांवर गोधडी टाकली. सासऱ्यांना आम्ही त्यावर निजवलं. सासूबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, मी त्यांना कुशीवर धरून बसले.

शहरातल्या पहिल्या दवाखान्यात डॉक्टर बाहेर येऊन टेम्पोतच चढले. तपासून म्हणाले, "हा झटका मेंदूचा आहे. आमच्याकडे स्कॅनचं मशीन नाही. इथे उतरवू नका, सरळ ठाण्याला न्या. मी फोन करून ठेवतो." त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

नवऱ्याला मी वाटेतून फोन केला होता; काल्हेरला तो रस्त्यावर उभा होता, गळ्यात गोदामाचं कार्ड तसंच. टेम्पोत चढून त्याने वडिलांचा उजवा हात धरला आणि लगेच माझ्याकडे बघितलं. त्या हाताने त्याचा हात धरला नव्हता.

ठाण्यात सगळं भराभर झालं. स्कॅन झालं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत होत्या, पण नीट सांगत होत्या. "रक्तस्राव नाही, गुठळी आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण झटका आल्यापासून ठरावीक तासांच्या आतच देता येतं. मला सांगा, ते शेवटचे धड कधी होते?"

मी म्हटलं, "सकाळी. चहा घेत होते तोवर."

"अजून वेळ आहे मग," असं म्हणून त्या वळल्या. तेवढ्यात सासूबाई बोलल्या.

"चहाच्या आधीपासून न्हाय व्हते ते धड."

आम्ही तिघांनी त्यांच्याकडे बघितलं.

"पहाटं उठले तवाच चप्पल पायात राहत नव्हती. भिंतीला धरून गेले मोरीत. मी इचारला तर बोलले, पाय झोपलाय. मना वाटला, झोपला असंल."

"आई, नक्की आजचंच ना? नीट आठव," नवरा म्हणाला. त्याला तिच्याकडून काय ऐकायचं होतं ते मला कळलं. मलाही तेच ऐकायचं होतं.

"आजचाच," त्या म्हणाल्या. "रात्री जेवले तवा धड व्हते."

डॉक्टरीणबाई परत आमच्याकडे फिरल्या. मग हळू म्हणाल्या, "म्हणजे झोपेतच सुरू झालं. आता इंजेक्शन देता येणार नाही. उशिरा दिलं आणि डोक्यात रक्त फुटलं तर हातचे जातील."

सासरे वाचले. घरी आले ते खाटेवर. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं, फक्त एक शब्द उरला, "न्हाय." जेवलात का, न्हाय. दुखतंय का, न्हाय. त्यांची लेक भेटायला आली तेव्हा तिच्या तोंडावरून डावा हात फिरवत रडत रडत तेच म्हणत राहिले. तिला आधी वाटलं, ओळखलंच नाही. त्यांनी ओळखलं होतं.

शेजारपाजारच्या बायकांनी अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांचं सांगितलं. सासूबाईंनी हट्ट धरला म्हणून नेलं. पाय पाण्यात सोडून बसवलं, त्यांनी काही तक्रार केली नाही. घरी येऊन बघतो तर उजव्या पावलावर मोठाले फोड. त्या पायाला चटका कळलाच नव्हता. ते फोड बरे व्हायला फार दिवस लागले.

पुढल्या वर्षी भात कापणीच्या सुमारास पेज श्वासनळीत गेली, छातीत कफ झाला आणि ते गेले.

सासूबाई एकदा भांडी घासता घासता मला म्हणाल्या, "मी तवा गप बसले असते तर त्यांना सुई मिळाली असती ना?"

"आई, ती सुई त्यांना मारून गेली असती. डॉक्टर आपल्यासमोरच बोलल्या."

"बोलल्या, हां," असं म्हणून त्यांनी टोप पालथा घातला. आठ-पंधरा दिवसांनी त्यांनी परत तेच विचारलं. अजूनही विचारतात. मी दर वेळी तेच उत्तर देते.