नाटकवाल्यांची थुंकी

इरावती सबनीस थुंकीवर संशोधन करते. बार्शीत तिची आई हे कुणाला सांगत नाही. "हॉलंडला हार्मोनवर करते," एवढंच म्हणते आणि लगेच चहाचं विचारते.

हार्मोनचं खरंच आहे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. त्यांच्यातून कॉर्टिसॉल कमी पडलं तर माणूस साध्या तापानं आडवा होतो. जास्त झालं तर चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात. ते सुई न टोचता थुंकीतून मोजायचं, हे इरावतीचं काम. डच लोक थुंकून झाले होते. आता भारतीय हवे होते, आणि ते घाऊक सापडायची जागा तिला ठाऊक होती : ती राहते त्या फेल्डहोवन गावच्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकाची तालीम.

"वहिनी, इथं रस्त्यात थुंकलं तर दंड," नाटकाचा नायक प्रसन्न म्हणाला, "आणि तुम्ही डबी घेऊन मागं लागलाय!"

"थुंक गुमान. शास्त्राचं काम आहे."

डबी देण्याआधी ती प्रत्येकाला विचारायची, "ड्रॉप खाता का?" ड्रॉप म्हणजे डच लोकांची ती काळी, खारट गोळी. ती खाणाऱ्याच्या थुंकीत कॉर्टिसॉल फुगलेलं दिसतं.

"शी! त्यापेक्षा सायकलचं टायर चावेन," असंच सगळे म्हणाले. इरावतीही मनापासून हसली.

निकाल आले, तर जवळजवळ अख्ख्या मंडळाचं कॉर्टिसॉल चढलेलं! इरावती हबकली. तिचा प्राध्यापक विलेम मात्र हरखला. (इथं प्राध्यापकाला नावानं हाक मारतात. बार्शीत मारली असती तर वडिलांना शाळेत बोलावलं असतं.)

"भारतीयांच्या ग्रंथीच वेगळ्या आहेत, इरा! द हेगच्या परिषदेत हेच मांडू. त्यांच्यासाठी मर्यादाच वेगळी ठेवायची."

मर्यादा वेगळी, म्हणजे उद्या एखादी खरोखर आजारी बाई दवाखान्यात गेली, की डॉक्टर तिचा आकडा बघून म्हणणार, 'तुमच्यात असंच असतं,' आणि पॅरासिटामॉल घ्यायला सांगून घरी धाडणार. पॅरासिटामॉलवर इथल्या डॉक्टरांचा तसाही फार जीव. इरावतीला चैन पडेना.

शनिवारी ती पुन्हा तालमीला गेली. दारातच शामलाकाकू भेटल्या. काकू नाटकही बसवतात आणि नाटकातल्या माणसांनाही. त्यांनी तिच्या हातावर एक काडी ठेवली.

"चघळ. आवाज बसलाय तुझा. आमच्याकडे याच्याशिवाय तालीम सुरू होत नाही."

इरावतीनं काडी दाढेखाली धरली. गोडसर. आणि ती तिथंच थिजली. ज्येष्ठमध! ड्रॉप ज्येष्ठमधाचंच तर करतात. कॉर्टिसॉल फुगवतं तेही ज्येष्ठमधच. तिनं ड्रॉप तेवढं विचारलं होतं, मूळ विचारलंच नव्हतं.

"काकू, हे कधीपासून देताय सगळ्यांना?"

"पहिल्या वाचनापासून. का गं, कडू निघाली का?"

सोमवारी काडीचं ऐकून विलेम म्हणाला, "शक्यता आहे. तळटीप टाकू."

"तळटिपा कोण वाचतं? दोन आठवडे काडी बंद करून सगळ्यांना परत तपासू."

"परिषद तोंडावर आलीय, इरा. आणि तुझा करार डिसेंबरात संपतो."

"मला माहीत आहे. माझं नाव काढून टाक. पण तू हे असंच मांडलंस, तर पहिल्या रांगेत मी काडी घेऊन बसलेली असेन आणि पहिला प्रश्न माझा असेल."

घरी तिचा नवरा अजित भांडी विसळता विसळता म्हणाला, "थोडं नमतं घेतलं असतंस तर?"

"चूक माझी आहे ना? मग ती मीच निस्तरणार. विलेमला तिचा सिद्धान्त करू देणार नाही."

काकूंना पटवणं विलेमपेक्षा अवघड गेलं. "नाटक दोन आठवड्यांवर आलंय आणि काडी बंद? घसे बसले म्हणजे?"

"बसू देत. 'तुमच्यात असंच असतं' हे कायमचं ऐकून घ्यायचंय का, काकू?"

काकूंचा थायरॉइडचा त्रास इथं दोन वर्षं 'वय झालं' या सदरात मोडला होता. त्यांनी काड्यांची पुडी पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

नाटकात प्रसन्नचा आवाज ऐन प्रेमप्रसंगात फाटला. लोकांना वाटलं, दुःखानं फाटला. पहिल्या दोन रांगा रडल्या. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या बसलेल्या घशांची थुंकी तपासली, तर कॉर्टिसॉल डच लोकांइतकंच. विलेमनं तोंड वाकडं करून आपला निबंध मागं घेतला आणि द हेगमधली वेळ इरावतीला दिली. ती एका हातात ड्रॉप आणि दुसऱ्या हातात काडी घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भारतीयांच्या ग्रंथी तुमच्यासारख्याच आहेत. वेगळा होता तो माझा प्रश्न. तो अर्धाच विचारला होता."

करार वाढला का, असं आई दर रविवारी बार्शीहून विचारते. अजून नाही वाढला.

"मग आता काय करणार गं?"

"लोकांना थुंकायला लावणार, आई. द हेगचे सुरिनामी राहिलेत, पणजोबा भारतातून गेलेले. या खेपेला आधी त्यांच्या स्वयंपाकघरात डबे उघडून बघणार आहे."

"बरं," आई म्हणाली. "पण शेजारी मी हार्मोनच सांगणार."