दगड ठेवायला मनाई

सरकारी जीप चालवणाऱ्याला धूळ आणि किस्से फुकट मिळतात. धूळ आंघोळीत जाते, किस्से साचतच राहतात. नागभीडजवळच्या त्या उंचवट्याचे तर माझ्याकडे किती आहेत म्हणून सांगू!

उंचवट्याखाली पार जुन्या, लिहिणं-वाचणं यायच्या आधीच्या माणसांना पुरलेलं. भोवती दगडांचं रिंगण, कडेला मोहाची झाडं. आमच्या पुरातत्त्ववाल्या साहेबांनी तिथं 'संरक्षित स्मारक' अशी पाटी लावली. चौकीदार डोमाजीभाऊ म्हणाले, "मेलेल्याले पाहारा देल्ला. जित्याचं काय जी?" साहेब चहा पीत राहिले.

*

तिथली दुपार मोठी लबाड! मोहाखाली बसलं की डोळे मिटायलाच लागतात. एकदा साहेब नकाशा काढता काढता घोरायला लागले, उठले ते घामाघूम.

"डोमाजी, स्वप्नात कोणीतरी विचारत होतं, तू कोणाचा?"

"मंग सांगतलं नाई काय? पाहुन्यानं नाव सांगा लागते ना जी!"

तेव्हापासून साहेब रिंगणात शिरताना बापाचं नाव पुटपुटायचे. मी ऐकलंय, खोटं नाही सांगत!

*

गावाची रीत अशी, की घरचं माणूस गेलं की त्याच्या नावाचा दगड रिंगणाशी नेऊन ठेवायचा. दगड ठेवला, की ते माणूस तिकडचं झालं. साहेब भडकले. नव्या-जुन्या दगडांची खिचडी होते म्हणाले आणि मनाई केली.

"साहेब, जुने दगड ठेवले तवा मनाई नोहती काय?" डोमाजीभाऊंनी विचारलं.

*

गावातली पार्बताबाई तरी दर बाजाराच्या दिवशी दगड घेऊन यायची. तिचा पोरगा बांबूच्या कामाला एटापल्लीकडे गेला, वर्षं उलटली, ना चिठ्ठी ना निरोप. सारं गाव तिच्या मागे लागलेलं, पोरगा गेला, आता दगड ठेव.

"ठेवू काय जी?" ती विचारायची.

"नाही बाई, मनाई आहे," साहेब म्हणायचे, की ती दगड परत न्यायची.

एकदा साहेबांना तिची फार दया आली. "ठेवा बाई. मी तिकडे तोंड करतो."

पार्बताबाई हलेचना. दगड पोटाशी धरून म्हणाली, "तुमी नाई म्हनता म्हनूनच तं थो अजून जिता हाये. तुमीच हो म्हनलं तं गावाले काय सांगू? नाई म्हना जी!"

साहेबांनी घसा खाकरला आणि पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असे ओरडले, "नाही म्हणजे नाही! इथं दगड ठेवायचा नाही!"

"बरं जी," म्हणाली, आणि दगड पदरात बांधून बाजाराला गेली.