रोझेर लिझोत आणि फ्रेंचचा तास

रोझेर लिझोतनं आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही, हे आधीच सांगते. पुढचं ऐकून तुम्ही त्याला नावं ठेवाल. मीही ठेवली, आणि अजून ठेवते.

आमच्या गावच्या हायस्कुलात तो मुलांचे विषय ठरवायचा. नववीत शिरणाऱ्या पोरानं बारावीपर्यंत कुठल्या वर्षी कुठला तास घ्यायचा, कुणी कॉलेजच्या वाटेनं जायचं आणि कुणी सुतारकामाच्या, हे सगळं त्याच्या हातात. मी योलांद, शाळेच्या ऑफिसात टाइपरायटरवर बसायचे. आमच्या दोघांच्या टेबलांमध्ये काचेची भिंत होती आणि ती पुसायचं काम आम्ही एकमेकांवर ढकलत असू. मेन राज्याचं हे पार वरचं टोक. नदी ओलांडली की कॅनडा. घरात सगळे फ्रेंच बोलायचे, शाळेत इंग्रजी.

दर वर्षी बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला की रोझेर आठवीतल्या प्रत्येक पोराच्या घरी जायचा. शाळेत बोलावलं तर आई-बाप चर्चमध्ये बसल्यासारखे गप्प बसतात, असं त्याचं म्हणणं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोठा कागद पसरायचा, पेन्सिलीनं चार वर्षांचे रकाने आखायचे, आणि बटाट्याचं पीक, कुणाची गाय व्याली, कुणाचा मुलगा कनेटिकटला पळाला, हे सगळं बोलून झाल्यावर विषयांना हात घालायचा. समोर गरमागरम प्लोय यायचे. प्लोय म्हणजे आमची कुट्टूच्या पिठाची घावनं, एकाच बाजूनं भाजलेली. घरोघरी ती खाऊन वसंत संपेपर्यंत रोझेरच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागायचं.

त्याचा एक हट्ट होता. खोऱ्यातल्या एकाही पोराला तो फ्रेंचच्या तासाला बसू द्यायचा नाही.

त्यामागे त्याचं स्वतःचं एक दुखणं होतं. तो लहान असताना शाळेत तोंडातून फ्रेंच शब्द निघाला की कोपऱ्यात गुडघ्यांवर बसवत. रोझेर आणि आमची शेजारीण आल्मा एकाच वर्गात होते. दोघंही त्या कोपऱ्यात एवढा वेळ असायचे की मास्तरीण म्हणे, तुमचं लग्न इथंच लावून टाकू. पुढे फ्रेंचला बंदी राहिली नाही, उलट शाळेत फ्रेंचचा तास सुरू झाला. शिकवायला बाई आल्या बोस्टनकडच्या, आणि त्या आमच्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगत की तुमच्या आया बोलतात ती फ्रेंच नव्हे.

"कालपर्यंत फ्रेंच बोललो म्हणून गुडघे फोडले," रोझेर म्हणायचा, "आणि आता नीट बोलत नाही म्हणून फोडून घेऊ? त्या तासाला आपलं पोर रसायनशास्त्र शिकेल."

आई-बापांना हे पटायचं. कुणाला नाही पटणार?

आल्मा सोसिएची थोरली, जिझेल, हिचाही कागद त्यानं असाच आखला. पोरगी तल्लख होती. बटाटे काढायला शाळा सुट्टी देई, तेव्हा इतर पोरींसारखीच शेतात वाकून टोपल्या भरायची, पण खिशात पुस्तक असायचं. ती अकरावीत असताना तिची आजी आजारी पडली आणि तिला दक्षिणेकडच्या मोठ्या इस्पितळात नेलं. आजीला इंग्रजीतलं 'हो' आणि 'नाही' एवढंच येत होतं. नर्स विचारायची, कुठं दुखतंय, आणि आजी घाबरून 'हो' म्हणायची. जिझेल तिथं राहिली, आजीचं दुखणं नर्सला सांगितलं आणि नर्सचं बोलणं आजीला. आजी गेली ती मात्र जिझेल कॉफी आणायला खाली उतरली तेवढ्यात. परत आल्यावर पोरीनं ठरवलं की नर्स व्हायचं आणि इकडच्याच इस्पितळात काम करायचं. दुसरं काही तिला नकोच होतं.

बारावीच्या वर्षी, बटाटे निघाले त्या दिवसांत, रोझेर तिचा कॉलेजचा अर्ज भरत होता. कॉलेजच्या माहितीपुस्तकात त्या वर्षी एक नवी ओळ आली होती. मी काचेपलीकडे जाऊन तिच्यावर बोट ठेवलं. परकी भाषा, दोन वर्षं.

"रोझेर, हे काय आहे?"

"ते त्यांच्या पोरांसाठी गं. ज्यांना जन्मभर एकच भाषा येते त्यांच्यासाठी."

"तसं लिहिलेलं नाही."

"योलांद, आपली पोरगी दोन भाषा घेऊन जन्मलीय. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

आणि त्यानं पत्र लिहिलं, की विद्यार्थिनी जन्मापासून फ्रेंच बोलते. तेही असं अभिमानानं लिहिलं, जणू कॉलेजवर उपकार करतोय. ते पत्र मीच टाइप केलं. मनात पाल चुकचुकली, पण त्याच्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

जानेवारीत उत्तर आलं. जिझेलचे बाकी सगळे गुण उत्तम, मात्र परक्या भाषेचा एकही तास नोंदलेला नाही. तिनं मार्चमध्ये येऊन फ्रेंचची परीक्षा द्यावी, पास झाली तर प्रवेश पक्का.

रोझेर खूश. "बघ," मला म्हणाला, "परीक्षाच तर आहे. पोरगी झोपेत देईल."

आल्मा म्हणाली, पोरीबरोबर बाईमाणूस हवं, म्हणून मीही गेले. पहाटे निघालो. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती आणि मधून रोझेरची जुनी स्टेशनवॅगन. जिझेलनं आईचा निळा कोट घातला होता. वाटेत रोझेर तिला आजीच्या गोष्टी सांगायला लावत होता, सराव म्हणून. ती हसत हसत सांगत होती. ते हसणं मी विसरले नाही, कारण त्यानंतर तिला तसं हसताना मी पाहिलं नाही.

कॉलेजात तिला परीक्षेला आत नेलं, आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. ती बाहेर आली तेव्हा कोटाची बटणं खालीवर लागली होती. आम्ही गाडीत बसलो.

"लेखी कसं गेलं?" रोझेरनं विचारलं.

"सर, मी फ्रेंच कधी लिहिलीये का?"

खरंच, कुणी लिहिली होती? आमच्या घरांत फ्रेंच वाचायला म्हणजे म्हाताऱ्यांची प्रार्थनेची पुस्तकं. पत्रंसुद्धा आम्ही इंग्रजीत लिहायचो, कारण शाळेनं लिहायला तेवढंच शिकवलं होतं.

"बरं, तोंडी?"

"परीक्षा घेणाऱ्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, आजीबद्दल सांग. मी सांगितलं. मध्येच थांबवून म्हणाल्या, हा शब्द पुन्हा म्हण. मी म्हटला. मग हसल्या."

"कळलं नाही का त्यांना?"

"कळलं ना, सगळं कळलं. म्हणूनच हसल्या. म्हणाल्या, हे फार गोड आहे, पण हे कुठं शिकलीस?" जिझेल खिडकीबाहेर बघत होती. "मी आजीचं मरण सांगत होते, सर."

परतीचा रस्ता पाच तासांचा होता. मला रोझेरचा इतका राग आला होता की त्यानं पुढे केलेल्या सँडविचलाही मी हात लावला नाही. लहानपणी त्याचे गुडघे सोलवटले म्हणून या पोरीचं आयुष्य अडकलं, असं मला वाटत होतं. त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो डोळे पुसत गाडी चालवत होता. राग गेला नाही, पण त्यात कीव मिसळली.

कॉलेजचा नकार आला तोही सौम्य शब्दांत. वर्ग लावून फ्रेंचचा अभ्यास पुरा करावा आणि पुन्हा अर्ज करावा, आपलं स्वागत आहे. रोझेर ते पत्र घेऊन सोसिएंकडे गेला आणि म्हणाला, मी बोस्टनच्या बाईंशी बोलतो, बारावी संपल्यावरही जिझेलला त्यांच्या वर्गात बसू देतील.

"नववीतल्या पोरांबरोबर?" जिझेल म्हणाली. "आई म्हणजे काय, पाणी म्हणजे काय, हे पाठ करायला?"

"थोडेच दिवस, बाळा."

"नको, सर. मला त्या भाषेत आता कुणाशी बोलायचं नाही."

जूनमध्ये शाळेत बारावी संपल्याचा समारंभ झाला. काळा झगा घालून जिझेल मंचावर चढली. रसायनशास्त्राचं बक्षीस तिलाच मिळालं, आणि ते नाव पुकारायचं काम रोझेरकडेच होतं. त्याचा आवाज चिरकला, लोकांना वाटलं आनंदानं. पुढच्या सोमवारपासून ती फ्रेंच फ्राइजच्या कारखान्यात कामाला लागली, सरकत्या पट्ट्यावरून येणारे सडके बटाटे वेचायला. अजून तिथंच आहे. गावात भेटली की माझ्याशी इंग्रजीत बोलते, मीही मग इंग्रजीतच उत्तर देते.

रोझेर त्या उन्हाळ्यात म्हातारा झाला. पट्टा सैल व्हायला लागला. पुढच्या वसंतात तो पुन्हा घरोघरी निघाला, पण आता प्रत्येक पोराच्या कागदावर पहिल्या तासाला फ्रेंच लिहायचा. आई-बाप चक्रावायचे. "अरे, इतकी वर्षं तूच तर नको म्हणत होतास," असं कुणी म्हणालं की तो मान खाली घालून आखत राहायचा. बोस्टनच्या बाई पुढे काय म्हणतील ते त्याला ठाऊक होतं, तरी लिहायचा.

आल्माची धाकटी, क्लोदेत, त्या वर्षी आठवीत होती. म्हणजे त्या घरीही जाणं भाग होतं. तो दोन आठवडे टाळत राहिला. शेवटी मीच म्हटलं, चल, मी येते, माझं दार लागूनच तर आहे.

आल्मानं दार उघडलं. "कशी आहेस गं आल्मा?" रोझेरनं आमच्या बोलीत विचारलं.

"मी ठीक आहे, मिस्टर लिझोत. कृपया आत या," ती इंग्रजीत म्हणाली.

आल्माचं इंग्रजी दुकानापुरतंच होतं, प्रत्येक शब्द जिना उतरल्यासारखा जपून टाकलेला. मला वाटलं थट्टा करते आहे. पण तिनं खुर्ची पुढे केली तीही इंग्रजीत, आणि प्लोयऐवजी दुकानातला केक ठेवला. जिझेल घरात होती, माडीवर. पायांचा आवाज येत होता, ती खाली आली नाही. क्लोदेत टेबलाशी बसून कधी आईकडे, कधी आमच्याकडे बघत होती.

रोझेरनं कागद पसरला, रकाने आखले. पिकाचं काही विचारलं, फ्रेंचमध्ये. आल्मानं उत्तर दिलं, इंग्रजीत. असं तीन-चार वेळा झालं. शेवटी तो विषयांवर आला.

"धाकटीला फ्रेंचला घालूया," तो म्हणाला. "या वेळी चूक नको."

"घाला," आल्मा म्हणाली. "तिला ती आता तिथंच ऐकायला मिळेल. या घरात आम्ही ती बंद केली आहे."

रोझेरनं पेन्सिल खाली ठेवली. "आल्मा," तो आमच्या बोलीत म्हणाला, "त्या कोपऱ्यात आपण दोघं होतो गं. माझ्याशी तरी बोल."

आल्मा उठली. तिनं त्याचा रिकामा कप उचलला, आणि त्याच्याकडे न बघता, इंग्रजी शब्द जुळवत, विचारलं, "आपल्याला आणखी कॉफी हवी आहे का?"