कॉइल नवी नव्हती

माझ्या भावजींना त्यांच्या गॅरेजवाल्याने फसवलं. गाडीची खराब झालेली जुनी कॉइल त्याने काळ्या रंगाने रंगवली आणि नवी म्हणून परत तीच बसवली. हे आधीच सांगून टाकतो, कारण माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल गोड गोड लिहायची पद्धत आहे आणि मला ती जमत नाही. सायकलवर कापडाची गाठोडी बांधून मी धंदा सुरू केला. आवाज चढवल्याशिवाय मला कुणी काही दिलेलं नाही.

विजयादशमीची दुपार होती. सारं म्हैसूर मिरवणूक बघायला राजवाड्याकडे निघालं होतं, माझं दुकान बंद होतं. जेवून जरा टेकलो तोच भाचीचा, सुमाचा, फोन आला.

‘‘मामा, गाडी परत बंद पडली...’’

मी उसळलोच. ‘‘नवी कॉइल घातली ना त्या लेकाच्यानं? थांब, उद्या त्याच्या दारात जाऊन...’’

‘‘मामा, ऐका. अप्पा गेले.’’

‘‘कुठे गेले?’’ मी विचारलं. खरंच विचारलं. सकाळीच तर ते अक्काला आणि सुमाला घेऊन नंजनगूडला दर्शनाला गेले होते. जाताना माझ्या दारासमोर हॉर्न वाजवून गेले होते...

रघुनाथराव माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नजरबादच्या सरकारी कचेरीत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर एक जुनी पांढरी गाडी घेतली. अक्काला स्वतःच्या गाडीतून देवाला जायचं होतं, एवढंच कारण. गाडी दिसायला चांगली होती, पण चालता चालता कुठेही बंद पडायची. धक्का नाही, आवाज नाही, फुंकर मारून दिवा विझवावा तशी. मग अर्धा-पाऊण तास गेला की काही न करता सुरू व्हायची. कधी आठवडाभर नीट चालायची, कधी एका दिवसात दोनदा दगा द्यायची. एकदा गोकुलमला ऐन चौकात थांबली. मी खाली उतरून आरडाओरडा करत होतो, तर योग शिकायला आलेली एक परदेशी बाई मागून गाडी ढकलायला लागली. भावजी स्टिअरिंगवरून ओरडले, ‘‘सदू, बघ, तिचा श्वास कसा चाललाय! तू स्वल्प गप्प बसलास तर तुलाही ढकलता येईल.’’ स्वल्प म्हणजे थोडं. आमच्या म्हैसूरच्या मराठीत अशी कानडी मिसळलेलीच असते, आणि भावजींच्या बोलण्यात जरा जास्तच.

कुणी कार्ब्युरेटर साफ केला, कुणी पेट्रोलचा पंप बदलला, कुणी तारा बदलल्या. भावजींनी मात्र एका वेळी एकच गोष्ट बघायची असं ठरवलं. ‘‘बंद पडल्यावरच तिला विचारायचं,’’ ते म्हणायचे. मला शेजारी बसवून ते मुद्दाम गाडी बंद पडेपर्यंत फिरवायचे. बंद पडली की आधी पेट्रोलची नळी सोडून बघायची, पेट्रोल येतंय. मग प्लगची वायर काढून इंजिनच्या लोखंडाजवळ धरायची आणि मी चावी फिरवायची, ठिणगी नाही. गाडी निवली की ठिणगी परत हजर. तेव्हा संशय कॉइलवर आला. ठिणगी तिथूनच येते, आणि आतली तार तापली की ती दगा देते. खात्री करायला त्यांनी अक्काच्या जुन्या लाल लुगड्याची चिंधी भिजवून कॉइलवर गुंडाळली. पाच मिनिटांत गाडी सुरू! चिंधीचा रंग मात्र सुटला आणि कॉइलच्या कागदी लेबलावर लाल ओघळ पसरला. आम्ही पिढीजात रंगारी. भावजी हसून म्हणाले, ‘‘कच्चा रंग, सदू. तुझ्या दुकानातलं लुगडं वाटतं!’’

त्यानंतर गाडीत पाण्याची बाटली आणि ती चिंधी कायम असायची. पण त्यावर किती दिवस काढणार? मी म्हणालो, कॉइल मी आणतो, गॅरेजमध्ये उभा राहून बसवून घेतो. भावजी नको म्हणाले. ‘‘तू येशील, भांडशील, त्याच्या आईबापाचा उद्धार करशील. त्याला माहीत आहे काय बदलायचं ते. करू दे त्याला.’’ मी रागावून घरी गेलो.

गॅरेजवाल्याने आज देतो, उद्या देतो करत गाडी ठेवून घेतली आणि नेमकी आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, सकाळी आणून सोडली. ‘‘होस कॉइल हाकिदीनी सार,’’ म्हणाला. म्हणजे नवी कॉइल घातली. बॉनेटवर गंध-कुंकू, झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं, सगळं तोच करून गेला. मी म्हणालो, बॉनेट उघडा, बघू. भावजींनी माझा हात धरला. पाने, स्क्रू ड्रायव्हर, सगळं देवापुढे मांडलेलं होतं. त्या दिवशी आमच्याकडे अवजाराला हात लावत नाहीत, पूजा झालेलं यंत्र उघडत नाहीत. म्हैसुरात हे कोणाला ठाऊक नाही? त्यालाही ठाऊक होतं. म्हणूनच तो दिवस त्याने निवडला, असं मी म्हणतो. पूजेसाठी गाडी आतून धुतली तेव्हा भावजींनी बाटली आणि चिंधी काढून टाकली. ‘‘आता कशाला? नवी आहे ना,’’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, दर्शन घेऊन परतताना, त्यांच्या छातीत दुखायला लागलं. सुमाने गाडी हातात घेतली आणि म्हैसूरच्या दिशेने पळवली. वाटेत, दोन्ही बाजूंना शेतं, गाडी विझली. सुमा चावी फिरवत राहिली. अक्काने त्यांना वारा घालत विचारलं, काय करू? भावजी एवढंच म्हणाले, ‘‘चिंधी...’’ अक्काने पदर फाडला. पाणी नव्हतं. शेवटी एका टेम्पोवाल्याने त्यांना उचलून नेलं, पण फार उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी खात्री देता आली नसती. मानतो मी. पण ती वेळ त्यांच्या हक्काची होती.

तेरावं झाल्यावर मी बॉनेट उघडलं. कॉइल काळीभोर, चकचकीत. पण रंगाऱ्याच्या पोराला रंगाखालचा रंग दिसतो. कडेला जाड थर होता, स्क्रूच्या खाचेतही रंग गेला होता. पेट्रोलमध्ये फडकं भिजवून घासलं. काळं उतरलं, खालून लेबल निघालं आणि त्यावर अक्काच्या लुगड्याचा लाल ओघळ...  

गॅरेजवाल्याकडे गेलो तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा, माझा आवाज चढला नाही. तो म्हणाला, ‘‘बिडी सार, सोडून द्या, झालं ते झालं. दुसरी कॉइल देतो, फुकट बसवतो.’’ मी आयुष्यभर भाव करत आलो. या गोष्टीचा भाव मी करणार नाही.

तो मराठी वाचत नाही, पण त्याचे शेजारी वाचतात. त्यांनी त्याला वाचून दाखवावं. अक्का अजून मला विचारते, ‘‘नवी होती ना रे? मग कशी बंद पडली?’’ ती छापलेलं काही वाचत नाही, आणि मीही तिला काही सांगितलेलं नाही. ते मी सांगणार नाही, त्याने सांगायचं. त्याने आमच्या घरी यावं, तिच्यासमोर उभं राहावं आणि आपल्या तोंडाने सांगावं, त्या कॉइलला रंग कोणी लावला.