श्रीरंगअण्णांनी घासलेला शेवटचा कॅम

आनेकलच्या रस्त्याला आमच्या शेजारी श्रीरंगअण्णांची शेड आहे. शर्यतीच्या गाड्यांचे कॅमशाफ्ट ते स्वतः घासून तयार करत. इंजिनाच्या झडपा कधी उघडायच्या आणि किती वेळ उघड्या ठेवायच्या, हे कॅमशाफ्ट ठरवतो. अण्णांचं आयुष्य त्यातच गेलं. कार्ब्युरेटर मागे पडून फ्युएल इंजेक्शन आलं, तेव्हा त्यांनी बायकोला जोडीला घेतलं. हेमलताअक्का सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत इंजिनिअर होत्या. अण्णा कॅम बसवत, अक्का लॅपटॉपवर पेट्रोलचं प्रमाण जुळवत.

"कार्ब्युरेटरचं सेटिंग इंजेक्शनला जसंच्या तसं चालत नाही," हे अण्णांनीच अक्कांना शिकवलं होतं. "हवा आत घेणारी आणि धूर सोडणारी अशा दोन्ही झडपा फार वेळ एकदम उघड्या राहिल्या, की मंद चालीत सेन्सर फसतो आणि पेट्रोल जास्त जातं."

गेल्या वर्षी अण्णांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तोंडात एकच कन्नड शब्द उरला, 'सरी', म्हणजे 'बरोबर'. भूक लागली तरी सरी, दुखलं तरी सरी.

अभिराज नावाच्या गिऱ्हाइकाची गाडी शेडमध्ये तशीच उभी होती. तिचा कॅम अण्णांनी आजारपणाच्या आधी घासला होता. अक्कांनी तो बसवला आणि एका दुपारी अण्णांची व्हीलचेअर इंजिनापाशी नेली. मीही मदतीला होते.

अण्णांनी डाव्या हाताने कॅमच्या पुलीकडे बोट केलं. अजून फिरव, म्हणजे दोन्ही झडपा जास्त वेळ एकदम उघड्या राहतील, असं त्यांना सांगायचं होतं.

"अहो, ही इंजेक्शनची गाडी आहे," अक्का म्हणाल्या. "इतकं नाही चालायचं."

अण्णांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. पुन्हा बोट केलं. मग पाना घेऊन अक्कांनी पुली अण्णांना हवी तशी फिरवली.

इंजिन सुरू झालं. धडधडत, अडखळत चाललं. मागून काळा धूर आला, शेडभर कच्च्या पेट्रोलचा वास पसरला. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं. चेहऱ्यावर समाधान होतं.

"सरी," ते म्हणाले.

"हो, बरोबर झालं," अक्का म्हणाल्या. अण्णांना घरात निजवून त्या बाहेर आल्या आणि हौदाच्या कडेला बसून रडल्या. "त्यांना आता ऐकूनही कळत नाही गं," एवढंच मला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णा झोपलेले असताना त्यांनी पुली पुन्हा मागे घेतली, पेट्रोलचं प्रमाण नव्याने जुळवलं. अभिराज गाडी न्यायला आला तेव्हा अण्णा जागे होऊन ओसरीवर बसले होते. गाडी सुरू झाली. आवाज स्वच्छ आणि एकसारखा होता.

अण्णांनी मान वर केली. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत ते ऐकत राहिले. मग त्यांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का जवळ गेल्या, तर अण्णांनी डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. अण्णांचे डोळे भरून आले होते.

त्यानंतर अक्का खुर्ची शेडकडे वळवू लागल्या, की अण्णा चाक घट्ट धरून ठेवत. दिवाळीच्या सुमारास ते गेले. शेड चालू आहे. अक्का इंजेक्शनची कामं करतात. कॅम मात्र त्या बाहेरून मागवतात, आणि अण्णांच्या ग्राइंडिंग मशीनला कुणाला हात लावू देत नाहीत.