वरातीची घोडी आणि दादाची अट

माझ्या घरात माझी ओळख सरकत्या जिन्याला घाबरणारी बाई अशी आहे. नागपूरच्या मॉलमध्ये मी आजही साध्या पायऱ्या शोधते. त्यामुळे ‘सौंसरला एका घोडीची वकिली करायला चालले’ असं जाहीर केल्यावर नवऱ्यानं आधी कपाळाला हात लावून माझा ताप बघितला. ताप नव्हता. भाचीचं लग्न होतं.

श्वेता माझ्या मोठ्या भावाची एकुलती एक मुलगी. तिला स्वतःच्या लग्नात घोडीवर बसून हॉलपर्यंत जायचं होतं, तेही लगाम स्वतःच्या हातात धरून. दादा तहसीलमधले बाबू. सही करायच्या आधी चार वेळा चष्मा पुसणारा माणूस. ते ‘नाही’वर अडून बसले होते, आणि श्वेतानं मला फोन करून आत्यापणाची आठवण करून दिली होती.

नागपूर-सौंसर बस सावनेरमार्गे जाते. सावनेरला बस थांबते तेवढ्यात आलूबोंडा घ्या, मिरची वेगळी मागून घ्या. लोधीखेड्याच्या पुढं दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागतात. थंडीत गेलात तर झाडं फळांनी वाकलेली दिसतात आणि शेजारचा प्रवासी न विचारता दोन संत्री हातात ठेवतो. माझ्या शेजारच्या आजोबांनी तर सालं टाकायला स्वतःची पिशवीही पुढं केली.

सौंसरला पोचले. जय भीम झाला, चहा झाला, आणि मी विषय काढला. दादांनी चष्मा पुसला.

“पोट्टी पडली तं? लग्नाच्या दिवशी पाय मोडून बसन का?”

“काही नाही पडत, दादा.”

“असं? मंग तूच बसून दाखव. लग्नाच्या गावी, पांढुर्ण्याले, नदीपासून पुलाच्या पार एकटी गेली, कोणी दोरी न धरता, तं पोट्टी बी बसन. नाही तं विषय बंद.”

वहिनी पदरात तोंड लपवून हसल्या. दादांनी अख्ख्या खानदानातून बरोबर माणूस निवडला होता. श्वेता मात्र माझ्याकडे अशी बघत होती, की ‘हो’ म्हटल्यावाचून माझी सुटका नव्हती. म्हटलं, हो.

दुसऱ्या दिवशी सगळे पांढुर्ण्याला निघालो. लग्न तिथंच होतं. नवरदेवाकडच्यांनी आम्हाला जाम नदीच्या काठाजवळ एक घर दिलं होतं आणि हॉल पुलापलीकडे सावरगावात. वाटेत जामसांवलीच्या फाट्यावर थांबलो. हनुमानाच्या दर्शनाला आलेल्यांची गर्दी असल्यानं तिथं चहा ताजा मिळतो. मी दोन कप प्याले. वेळ काढत होते, दुसरं काय!

घोडीवाले गुलाबभाऊ काळा चष्मा लावून नदीकाठी उभेच होते. घोडी पांढरी, नाव बिजली. नाव बिजली, पण स्वभाव लोडशेडिंगचा. उभी राहिली की गेलीच!

“ताई, भेऊ नका. हे घोडी नाही, गाय हाय,” गुलाबभाऊ म्हणाले आणि मला एका लाकडी स्टुलावरून वर ढकललं.

बाप्पा! वरून जमीन इतकी लांब दिसते हे कोणी सांगत नाही. मी खोगीर दोन्ही हातांनी घट्ट धरलं, तर भाऊ ओरडले, “खोगीर काऊन धरून राहिल्या? लगाम धरा! गुडघे आवळा, टाचा खाली!” त्यांनी दोरी धरून मला दिवसभर फिरवलं. आधी मी डोळे मिटून बसले होते. मग एक डोळा उघडला. संध्याकाळी बिजलीच्या मानेवर हात ठेवला, तेव्हा तिनं कान हलवला आणि मला उगाचच ती आपली वाटायला लागली. रात्री मात्र मांड्या माझ्या राहिल्या नव्हत्या. शिकायला येणार असाल तर जाड पॅन्ट आणा आणि परतीच्या दिवशी पाय दुमडून बसायचा बेत ठेवू नका.

परीक्षेच्या सकाळी श्वेता मोबाईल घेऊन पुलाच्या पलीकडे उभी राहिली. दादा स्कूटरवरून माझ्या मागं. गुलाबभाऊंनी दोरी सोडली आणि मी निघाले. एकटी! नदीकाठ संपला, चढ संपला, पूल लागला. मी मनातल्या मनात नवऱ्याला चार गोष्टी ऐकवल्या. आणि पुलाच्या तोंडाशी बिजली थांबली.

टाच मारली. लगाम सैल केला. विनवण्या केल्या. घोडी ढिम्म. मागं संत्र्यांचा टेम्पो आला आणि हॉर्न वाजवायला लागला, त्याच्यामागं आणखी दोन.

“उतर आता,” दादा म्हणाले. आवाजात आनंद मावत नव्हता.

“उतरू कशी? उतरायचं शिकवलंच नाही मला! स्टूल नदीवर राहिलं!”

गुलाबभाऊ धापा टाकत आले आणि कपाळावर हात मारून घेतला. “अरे बे! विसरलोच. हे वरातीची घोडी, साहेब. रस्त्यावर आली की समोर नाचणारा लागते इले. थो जेवढा सरकन, तेवढीच हे सरकन.”

“मंग नाच ना तू!”

“माह्या नाचाले थे वरात नाही समजत. घरचं माणूस समजते थे मले.”

मी वर अडकलेली, टेम्पोवाला खाली शिव्या देतोय. दादांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. स्कूटर कडेला लावून पुढं आले, चष्मा काढून खिशात ठेवला. मग दोन्ही हात वर केले आणि भर पुलावर नाचायला लागले.

माझा दादा! स्वतःच्या लग्नातही न हललेला माणूस. बिजलीनं मान हलवली आणि त्यांच्या पावलाला पाऊल लावून चालायला लागली. टेम्पोवाल्यानं हॉर्नचा ताल धरला. पलीकडे श्वेता हसता हसता रडत होती.

पूल ओलांडल्यावर दादा घाम पुसत म्हणाले, “बसू दे पोट्टीले. पण समोर मी नाचीन. दुसरं कोणी नाही.”

लग्नाच्या दिवशी श्वेता पांढऱ्या साडीत ताठ बसली, लगाम तिच्याच हातात. बँड सुरू झाला, दादा पुढं. हॉल हाकेच्या अंतरावर होता, पण वरात काही पोचेना. बुद्धवंदनेची वेळ टळून गेली, आचारी दोनदा बघून गेला, नवरदेव दारात येऊन उभा राहिला.

“बाबा, सरका ना पुढं!” श्वेता वरून ओरडली.

“सरकून राहिलो, बाई. सरकून राहिलो,” मागं न बघता दादा म्हणाले.

परत येताना पांढुर्ण्याहून रेल्वे पकडली, कारण बसचे गचके मांड्यांना सोसले नसते. आता घरी आहे. सरकत्या जिन्याचं विचाराल तर अजून धीर झालेला नाही. काल नवऱ्याला वरातीचा व्हिडिओ दाखवला. त्यानं बराच वेळ बघितला आणि विचारलं, “हे घोडी चालून काऊन नाही राहिली? शिकवली नाही का बरोबर?”

“घोडी बरोबर शिकलेली आहे,” मी म्हटलं. “समोरच्याचे पाय बघ.”

दादा नाचत होते, एक पाऊल पुढं, एक मागं, त्याच जागेवर.